'जॅबरवॉकी' (१९७१): श्वांकमायरच्या लघुपटाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही फिल्म ज्यांना ज्यांना सुचवली, त्यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. प्रश्नांची भाषा शक्यतो विचारणाऱ्यांचीच ठेवली आहे. प्रश्न ६ पासून शेवटासकट सगळं उघड केलं आहे. फिल्म अजून पाहिली नसेल तर पहिल्या पाचांवर थांबा, पाहून या आणि मग पुढे वाचा.

१. 'जॅबरवॉकी' म्हणजे नक्की कुठली फिल्म? नाव कुठेतरी ऐकलंय.

चेक दिग्दर्शक यान श्वांकमायर यांनी १९७१ साली केलेला, साधारण १४ मिनिटांचा रंगीत ॲनिमेशन लघुपट. प्रागमधल्या 'क्रात्की फिल्म' या सरकारी लघुपट संस्थेच्या यिर्झी त्रन्का स्टुडिओने तो अमेरिकेतल्या वेस्टन वूड्स स्टुडिओसाठी तयार केला. छायाचित्रण बोरिस बारोमिकिन यांचं, संगीत झ्देनेक लिश्का यांचं.

नाव ऐकल्यासारखं वाटतं ते बहुधा टेरी गिलियम यांच्यामुळे. त्यांचा याच नावाचा १९७७ सालचा चित्रपट आहे. तो पूर्ण लांबीचा आहे, त्यात हाडामांसाचे नट आहेत आणि खराखुरा राक्षसही आहे. दोघांनी कविता एकच घेतली, बाकी काही संबंध नाही. गिलियम मात्र श्वांकमायरचे चाहते आहेत हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय.

२. हे श्वांकमायर कोण?

जन्म १९३४, प्राग. शिक्षण आधी उपयोजित कलांचं, मग नाट्य अकादमीत बाहुलीनाट्याचं. काही वर्षं रंगभूमीवर काम केलं आणि १९६४ साली पहिला लघुपट केला. पत्नी एव्हा श्वांकमायरोव्हा चित्रकार होत्या आणि अनेक फिल्म्समध्ये त्यांचं काम आहे. बाहुलीनाट्याची पार्श्वभूमी लक्षात ठेवा. त्यांच्या फिल्म्समध्ये माणसापेक्षा वस्तूंना जास्त जीव असतो, त्याचं मूळ तिथे आहे.

३. ही कुठल्या पुस्तकावर आहे? 'ॲलिस इन वंडरलँड'च ना?

जवळपास. लुईस कॅरॉल यांनी ॲलिसवर दोन कादंबऱ्या लिहिल्या. 'वंडरलँड' १८६५ची. दुसरी 'थ्रू द लुकिंग-ग्लास', ती १८७१च्या डिसेंबरात बाजारात आली. 'जॅबरवॉकी' ही कविता या दुसऱ्या पुस्तकात आहे. ॲलिस आरशापलीकडच्या घरात शिरते, तिथे तिला एक पुस्तक सापडतं, अक्षरं उलटी असतात, ती पुस्तक आरशासमोर धरते आणि मग कविता वाचता येते. कडवी सात, पहिलं आणि शेवटचं एकच. एक मुलगा तलवार घेऊन जंगलात जातो, जॅबरवॉक नावाच्या राक्षसाला मारतो, त्याचं मुंडकं घेऊन परत येतो आणि बाप आनंदाने त्याला कवटाळतो. गोष्ट एवढीच, पण निम्मे शब्द कॅरॉलने स्वतः घडवलेले. 'अडगुलं मडगुलं' म्हणताना आपण कुठे अर्थ विचारतो, तसंच हे.

पहिलं कडवं कॅरॉलने १८५५ सालीच घरच्यांसाठी काढलेल्या हस्तलिखितात लिहिलं होतं. म्हणजे कविता ॲलिसपेक्षा वयाने मोठी आहे.

४. चेक शीर्षकात कुणा हुबर्टचे कपडे आहेत. हा हुबर्ट कॅरॉलमध्ये तर नाही!

नाही, आणि इथेच फिल्मचं खरं कुळ सापडतं. चेक नाव मराठीत सांगायचं तर 'झ्वाहलाव, अर्थात पेंढ्याच्या हुबर्टचे चिमुकले कपडे'. 'झ्वाहलाव' म्हणजे कॅरॉलच्या राक्षसाचं चेक नाव. पेंढ्याचा हुबर्ट येतो तो वितेझ्स्लाव्ह नेझ्वाल या कवीच्या 'आनिच्का स्क्रझितेक आ स्लामेनी हुबर्ट' या १९३६च्या मुलांच्या पुस्तकातून. चेक मुलांच्या कित्येक पिढ्या त्यावर वाढल्या.

आता गंमत पाहा. याच नेझ्वालने १९३४ साली प्रागमध्ये सररिअलिस्ट (स्वप्नं आणि नेणीव यांतून कला घडवणाऱ्यांचा) गट स्थापन केला, आणि श्वांकमायर जन्मले त्याच वर्षी. १९३८ साली नेझ्वालने गट विसर्जित झाल्याचं जाहीर केलं, पण बाकीच्यांनी ते मानलं नाही. गट कधी उघडपणे, बराच काळ लपूनछपून चालू राहिला आणि १९७० साली श्वांकमायर पती-पत्नी त्यात दाखल झाले. पुढच्याच वर्षी ही फिल्म आली. शीर्षकात इंग्रज कॅरॉलशेजारी चेक नेझ्वालला बसवणं हा माझ्या मते नव्या सभासदाने घराण्याच्या मूळपुरुषाला केलेला नमस्कार आहे.

५. पुस्तक आधी वाचायला हवं का? आणि चेक येत नाही, अडेल का?

दोन्हींचं उत्तर नाही. संवाद नाहीतच. सुरुवातीला लहान मुलाच्या आवाजात कविता ऐकू येते, तेवढीच काय ती भाषा. ती मुळातच कुणाला कळू नये अशा बेताने लिहिलेली आहे. कविता एकदा वाचून गेलात तर चांगलं, पण 'हे दृश्य कुठल्या कडव्याचं' असं शोधत बसाल तर चौदा मिनिटं वाया जातील.

६. पाहिली. पण झालं काय त्यात?

जंगलातून एक कपाट धावत येतं. मग आपण एका जुन्या धाटणीच्या मुलांच्या खोलीत असतो. भिंतीवर दाढीवाल्या गृहस्थांची तसबीर. कपाटातून खलाशी पद्धतीचा मुलाचा पोशाख बाहेर पडतो, आत कुणीही नसताना, आणि खोलीभर बागडतो. खोलीतच फांद्या फुटतात, फळं धरतात, सफरचंदं पडतात, किडतात, आत अळ्या वळवळतात. पुढे मोठ्या बाहुलीच्या पोटातून छोट्या बाहुल्या निघतात, भातुकलीच्या चुलीवर शिजतात आणि दुसऱ्या बाहुल्या त्यांना जेवतात. शिशाचे सैनिक येतात. एक खिशातला चाकू कसरती करतो (त्यासाठी प्रश्न ९). कागदांच्या होड्या होतात.

या तुकड्यांच्या मधे एकच गोष्ट पुन्हा पुन्हा येते. लाकडी ठोकळे रचले जाऊन त्यांचं चक्रव्यूहासारखं चित्र बनतं, त्यातून एक रेघ वाट शोधत निघते, कुठेतरी अडते, आणि ठोकळ्यांची भिंत फोडून काळं मांजर उडी मारतं. सगळं कोसळतं, पुढचा खेळ सुरू होतो.

शेवटी रेघेला वाट सापडते. मांजर पिंजऱ्यात असतं. आणि कपाटात खलाशी पोशाखाच्या जागी मोठ्या माणसाचा काळा सूट लटकत असतो, हालचाल नसलेला.

म्हणजे कथानक आहे. एक मूल मोठं होतं. फक्त ते मूल आपल्याला एकदाही दिसत नाही, त्याचे कपडे दिसतात.

७. ॲलिस नाही, राक्षस नाही, तलवार नाही. मग याला रूपांतर तरी कसं म्हणायचं?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न आहे आणि सगळ्यात रास्तही.

गोष्ट घेणं हाच रूपांतराचा निकष असेल तर हे रूपांतर नाही. पण कॅरॉलच्या कवितेत गोष्ट हा सगळ्यात दुबळा भाग आहे. शूर मुलगा राक्षस मारतो, ही कथा त्याच्याही आधी हजारदा सांगून झाली होती. नवं होतं ते शब्दांचं वागणं. व्याकरण अगदी चोख, क्रियापद जागेवर, विशेषण जागेवर आणि अर्थ मात्र हाती लागत नाही. श्वांकमायर हेच वस्तूंना लावतात. कपाट, चाकू, बाहुली, चूल, सगळं ओळखीचं, सगळं नीट प्रकाशात, आणि वागणं असं की ओळख उपयोगी पडत नाही. पुस्तकात हम्टी डम्टी ॲलिसला सहाव्या प्रकरणात एकेका शब्दाचा अर्थ ऐटीत समजावून सांगतो. फिल्ममध्ये असा हम्टी डम्टी ठेवलेला नाही, आणि ते बरंच झालं.

कवितेतलं एक नातं मात्र अगदी शाबूत आहे: बाप आणि मुलगा. त्याबद्दल प्रश्न १०.

८. ते काळं मांजर म्हणजे काय? मृत्यू? हुकूमशाही?

दोन्ही उत्तरं मला लोकांनी ठामपणे सांगितली आहेत. दोन्ही शेवटाशी अडखळतात. मांजर मृत्यू असेल तर ते पिंजऱ्यात गेल्यावर आनंद व्हायला हवा. हुकूमशाही असेल तर सुटकेचा जल्लोष हवा. प्रत्यक्षात मांजर कोंडलं जातं त्याच वेळी कपाटात काळा सूट येतो, आणि फिल्म तिथे थंड पडते.

मला ते सरळ असं दिसतं. रेघ म्हणजे शिस्तीत, दिलेल्या वाटेने शेवटाला पोचण्याची धडपड, शाळेच्या वहीत 'सशाला गाजरापर्यंत पोचवा' असतं तसली. मांजर ती धडपड प्रत्येक वेळी उधळतं, म्हणून खेळ चालू राहतो. ज्या दिवशी रेघ पोचते त्या दिवशी बालपण संपतं. मांजर इथे खलनायक नाहीच. पुन्हा पाहाल तेव्हा मांजर केव्हा येतं यापेक्षा ते आल्यावर पुढे काय सुरू होतं तिकडे लक्ष ठेवा.

९. चाकूच्या प्रसंगात रक्त का येतं? चाकूला रक्त?

माझ्या मते हा फिल्ममधला सर्वोत्तम तुकडा. टेबलावर लेसचं कापड आहे. त्यावर साधा घडीचा चाकू, पाती उघडतो, टोकावर उभा राहतो, गिरक्या घेतो, कोलांट्या मारतो. सर्कशीतल्या कसरतपटूसारखा तोल सांभाळतो, आणि आपण नकळत त्याच्या बाजूचे होतो. मग तो आडवा पडतो, पातं मिटतं आणि खालून रक्ताची धार कापडावर येते.

इथे कुणी कुणाला मारलेलं नाही. चाकू स्वतःच स्वतःवर मिटला. तो जिवंत आहे हे आपण मिनिटभर आनंदाने मान्य केलं, मग जिवंत असण्याचा दुसरा भागही मान्य करावा लागतो. कापलेल्या बोटाचं रक्त दाखवलं असतं तर तो मुलांना दिलेला इशारा झाला असता, शाळेतल्या सुरक्षा सप्ताहात दाखवण्याजोगा.

तांत्रिक बाजूही पाहा. चाकूला चेहरा नाही, डोळे चिकटवलेले नाहीत, आवाज दिलेला नाही. त्याचा स्वभाव दोन हालचालींमधल्या थांब्यातून दिसतो. गिरकीआधी तो क्षणभर थबकतो. बस्स.

१०. भिंतीवरचे दाढीवाले आजोबा कोण? काही जण म्हणतात मार्क्स आहे.

दाढी पाहून मार्क्स म्हणायचं तर एकोणिसाव्या शतकातला अर्धा युरोप मार्क्स होता! खोलीचा थाट त्याच काळातला आहे, आणि तसबीर घरातल्या कर्त्या पुरुषाची आहे. मी त्याला बाप मानतो. कवितेत राक्षसापासून सावध राहायला सांगणारा बाप आहे, मुंडकं आणल्यावर शाबासकी देणाराही तोच. फिल्ममध्ये तो फक्त भिंतीवरून बघतो. शेवटचा काळा सूट कुणाच्या मापाचा आहे हा विचार करून पाहा.

११. १९६८ नंतरची चेक फिल्म आहे, म्हणजे राजकीय असणारच ना?

२१ ऑगस्ट १९६८ला सोव्हिएत रणगाडे प्रागमध्ये शिरले आणि पुढच्या काही वर्षांत मोकळेपणा पद्धतशीरपणे आवळला गेला. फिल्म त्या काळातली आहे, शिशाचे सैनिकही त्यात आहेत, तेव्हा राजकारण शून्य असं कुणी म्हणू नये. पण पूर्व युरोपची प्रत्येक फिल्म म्हणजे सरकारला पाठवलेलं गुप्त पत्र, असं वाचण्याची आपल्याकडच्या फिल्म सोसायट्यांतली सवय मला खटकते. या फिल्मचा राग त्याहून जुन्या सत्तेवर आहे: घर, वडीलधारे, 'नीट बस', 'खेळणी आवर'. ती सत्ता लंडनमध्ये होती, प्रागमध्ये होती आणि आपल्याकडेही आहे.

१२. श्वांकमायरवर बंदी घातली होती ती याच फिल्ममुळे?

नाही. १९७०च्या 'कोस्तनित्से' या, माणसांच्या हाडांनी सजवलेल्या चॅपेलवरच्या लघुपटात वाटाड्याबाईंचं निवेदन अधिकाऱ्यांना खपलं नाही, ते काढून त्या जागी संगीतात बांधलेली कविता घालावी लागली. १९७२च्या 'लिओनार्दोची डायरी'मध्ये रोजच्या जगण्याची जी चित्रफीत मिसळली, तिच्यावरून खरा वाद पेटला. त्यानंतर सत्तरच्या दशकात बरीच वर्षं त्यांना फिल्म करता आली नाही. 'ओट्रांटोचा किल्ला' हा लघुपट अर्धवट पडून राहिला, तो १९७९ साली पूर्ण झाला. त्या रिकाम्या वर्षांत ते स्पर्शावर प्रयोग करत बसले. हाताला कळणारी शिल्पं, चाचपून वाचायच्या वस्तू. पुढच्या फिल्म्समधली ओली माती, मांस, खरखरीत लाकूड त्या सक्तीच्या सुट्टीचीच देणगी म्हणायची.

१३. सररिअल म्हणजे 'काहीही दाखवा' असंच ना शेवटी?

तसं असतं तर चाकूचा प्रसंग आठवणीत राहिला नसता. सररिअलिस्टांचा दावा असा की स्वप्नाला स्वतःचं तर्कशास्त्र असतं आणि ते जागेपणीच्या तर्काइतकंच काटेकोर असतं. या चळवळीचा प्रवर्तक फ्रेंच कवी आंद्रे ब्रेताँने १९२४ साली पहिला जाहीरनामा काढला, आणि पुढे काळ्या विनोदाच्या संकलनात कॅरॉललाही जागा दिली. श्वांकमायरही कॅरॉलला सररिअलिझमचा पूर्वज मानतात. फिल्ममध्ये नियम आहेत: वस्तू स्वतःहून हलतात, कोणतीही वस्तू कितीही उधळली तरी शेवटी तिच्याच जातीचं काम करते (चूल शिजवते, चाकू कापतो, कपडे लटकतात), आणि दर खेळ नाशात संपतो. यातला एकही नियम मोडलेला मला सापडला नाही.

१४. संगणकाशिवाय हे केलं कसं?

स्टॉप मोशन. वस्तू ठेवायची, एक फ्रेम घ्यायची, वस्तू केसभर हलवायची, पुढची फ्रेम. सेकंदाला २४ फ्रेम्सच्या हिशेबाने १४ मिनिटांच्या २०,१६० होतात. एका मांडणीच्या दोन फ्रेम्स घेतल्या तरी दहा हजारांच्या घरात जातं. मांजर अर्थात खरं आहे, त्याला कोण फ्रेमगणिक हलवणार, त्यामुळे ते आलं की गती एकदम बदलते. तो फरक मुद्दाम ठेवलेला जाणवतो.

बाहुल्या नव्याने बनवलेल्या नाहीत असं वाटावं इतक्या वापरलेल्या आहेत. श्वांकमायरना जुन्या, हाताळलेल्या वस्तूंचं वेड आहे. त्यांची समजूत अशी की वस्तूंना आपल्याला हाताळणाऱ्यांची आठवण असते. नवीकोरी खेळणी घेऊन ही फिल्म कुणी करू पाहिली तर ती खेळण्यांची जाहिरात होईल.

१५. संगीत डोक्यातून जात नाही. कुणाचं आहे?

झ्देनेक लिश्का (१९२२–१९८३). चेक सिनेमातलं फार मोठं नाव. लिश्का इथे मुलांच्या गाण्यासारखं गोड, गोलगोल फिरणारं संगीत देतात आणि भीतीच्या जागीही ते बदलत नाहीत. बाहुल्या शिजताना भयपटाचं संगीत असतं तर आपण निर्धास्त झालो असतो.

१६. मुलांना दाखवू का? सात वर्षांची मुलगी आहे.

फिल्म मुलांच्या साहित्यावर आहे, वेस्टन वूड्सची ओळखही मुलांच्या पुस्तकांवरच्या फिल्म्ससाठीच. तरीही सात वर्षांच्या मुलीला एकटीला लावून देऊ नका. रक्त, अळ्या, बाहुल्यांनी बाहुल्या खाणं हे सगळं आहे, आणि सुरुवातीच्या श्रेयनामावलीत मुलाला चापट्या मारण्याचं दृश्य आहे, ते मला मोठ्यांसाठीही अप्रिय वाटतं. दहा-अकराच्या पुढे, शेजारी बसून, जरूर. मुलं मोठ्यांपेक्षा कमी बिचकतात. भातुकलीत बाहुलीचं काय काय होतं हे त्यांना ठाऊकच असतं.

१७. १९८८च्या 'ॲलिस'ला ही फिल्म म्हणजे रंगीत तालीम का?

तसं म्हटलं जातं, पण अर्धंच खरं. 'न्येत्सो झ आलेन्की', म्हणजे 'ॲलिसमधलं थोडंसं', हा त्यांचा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट. त्यात खरीखुरी मुलगी आहे, पेंढा भरलेला ससा आहे आणि पुस्तकातले प्रसंग ओळखता येतात. जुनी खोली, खेळणी आणि घरातली क्रूरता 'जॅबरवॉकी'तून तिथे गेली. नाही गेला तो उनाडपणा. 'ॲलिस' जास्त जमलेला आहे, 'जॅबरवॉकी' जास्त बेबंद.

१८. आवडली. आता पुढे काय पाहू?

'संवादाच्या शक्यता' (१९८२), बारा मिनिटं, तीन भाग. बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात लघुपटाचा गोल्डन बेअर पुरस्कार मिळाला तो याच फिल्मला, १९८३ साली. भाजीपाला, भांडी आणि मातीची डोकी एकमेकांशी 'बोलतात' आणि एकमेकांना चघळून टाकतात. मग १९८३चीच 'तळघरात'. एक लहान मुलगी टोपली घेऊन बटाटे आणायला खाली जाते. काळं मांजर तिथेही आहे, आणि या वेळी ते आकाराने वाढतं. प्रश्न ८ मधलं माझं मत तिथे लावू नका, ते मांजर वेगळ्या जातीचं आहे.